घाट चढेल आणि सुखरूप उतरेलही : कामाच्या ट्रकसाठी डिझेल इंजिन कसे निवडावे?



संस्थेचा जुना ट्रक आता थकला आहे आणि पुढच्या पावसाळ्याआधी दुसरा घ्यावा लागणार, हे आपल्याला ठाऊक आहे. ही बातमी कळल्यापासून अनेकांनी आस्थेने विचारपूस केली. कोणी विचारले, "इंजिन किती हॉर्सपॉवरचे घेणार?" कोणी सुचवले, "घ्यायचाच तर मोठा घ्या, पुन्हा पुन्हा घेणे होत नाही." एका हितचिंतकांनी तर आपला वापरातला सहा सिलिंडरचा मोठा ट्रक संस्थेला विनामूल्य देऊ केला. त्यामुळे साहजिकच प्रश्न आला, की फुकट मिळत असताना नव्या गाडीसाठी देणग्या कशाला?

प्रश्न रास्त आहे. दानपेटीतल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हा कारभारीपणाचाच भाग आहे. म्हणून इंजिनाची निवड कशी करतात, हे या लेखात साध्या शब्दांत मांडत आहे. ज्यांच्या घरी टेम्पो किंवा ट्रक आहे, त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

आधी रस्ता आणि ओझे, मग इंजिन

इंजिन निवडण्याची सुरुवात शोरूममध्ये होत नाही, ती रस्त्यावर होते. आपली गाडी कोल्हापुरातून निघते आणि पश्चिमेकडे जाते. कधी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने खाली उतरते, कधी राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाटाने, तर कधी मलकापूरवरून आंबा घाटाने. घाटमाथ्यावरचे धनगरवाडे आणि घाटाखालच्या कातकरी वाड्या हे आपले शेवटचे थांबे. तिथले शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चे, अरुंद आणि पावसात निसरडे असतात. मोऱ्या लहान आणि वळायला जागा कमी.

ओझे कोणते? तांदूळ-डाळीची पोती, घराचे पत्रे, सिमेंट, पाण्याच्या टाक्या, शाळेचे साहित्य. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हा आपल्या गाडीचा खरा हंगाम. त्या पंधरवड्यात गाडी उभी राहिली, तर छपराविना पाऊस काढण्याची पाळी कुटुंबांवर येते. म्हणून आपल्याला वेगवान गाडीपेक्षा न थांबणारी गाडी हवी.

एका खेपेला आपले ओझे साधारण तीन ते साडेतीन टन भरते. इथे ट्रकच्या कागदावरचा एक आकडा समजून घेऊ : एकूण वजन. गाडीचे स्वतःचे वजन, हौदा, माणसे, डिझेल आणि माल मिळून जास्तीत जास्त किती वजन कायद्याने चालेल, तो हा आकडा. साडेसात टन पासिंगच्या गाडीत हौद्यासह गाडीचे वजन वजा जाता साधारण चार टनांपर्यंत माल बसतो. आपले काम त्यात भागते.

साडेसात टनाला आणखी एक महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकते. त्यावरच्या गाडीला जड वाहनाचा परवाना असलेलाच चालक हवा. आपल्याकडे पगारी चालक एकच आहे. तो आजारी पडला, तर घाट चालवण्याचा सराव असलेला दुसरा कार्यकर्ता कायदेशीरपणे गाडी नेऊ शकतो, ही लहान संस्थेसाठी मोठी सोय आहे.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क

जाहिरातीत हॉर्सपॉवरचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि टॉर्कचा बारीक. आपल्यासाठी दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. ओल्या रानातून उसाची भरलेली गाडी बाहेर काढताना बैल पळत नाहीत. मान खाली घालून, हळू पण सलग ओढतात. तो टॉर्क. आणि तोच जोर किती वेगाने देता येतो, त्याचे माप म्हणजे हॉर्सपॉवर. गणिताच्या भाषेत, जोर गुणिले फेऱ्या म्हणजे हॉर्सपॉवर.

आता एक हिशेब करून पाहू. साडेसात टनांची पूर्ण भरलेली गाडी, १०० मीटर अंतरात ८ मीटर उंची चढणारा घाट. अशा चढावर ताशी २० किलोमीटरने जायला चाकांपाशी सुमारे ५० हॉर्सपॉवर लागतात. गिअर आणि एक्सलमध्ये होणारी घट धरली, तर इंजिनाकडून साधारण ६०. ताशी ३० किलोमीटरने जायचे तर ८५ ते ९०. म्हणजे १०० हॉर्सपॉवरच्या आसपासचे इंजिन आपल्याला पुरते. १५० चे घेतले, तर गाडी चढावर चाळीसच्या पुढे जाऊ शकेल हे खरे, पण घाटातल्या वळणावर चाळीसने जायचे कोणाला आहे? तो जादा जोर विकत घ्यायचा, त्याचे डिझेल भरायचे आणि वापरायचा मात्र नाही, असे होईल.

मग शोरूममध्ये काय विचारावे? दोन इंजिने समजा १०० हॉर्सपॉवरचीच आहेत. पहिले आपला पूर्ण टॉर्क मिनिटाला १,२०० ते २,००० फेऱ्यांत देते, दुसरे १,८०० च्या पुढे गेल्यावर देते. वळणावर गाडी मंदावली, फेऱ्या खाली आल्या, की पहिले इंजिन त्याच गिअरमध्ये ओढत राहते. दुसऱ्यात चालकाला गिअर बदलावा लागतो, क्लच झिजतो, आणि चढावर गिअर चुकला तर भरलेली गाडी मागे सरकते. म्हणून टॉर्क किती याबरोबरच तो कितव्या फेऱ्यांपासून कितव्या फेऱ्यांपर्यंत मिळतो, हे जरूर विचारावे.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवणारे गिअर आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तरही पाहावे. हायवेसाठी बनवलेल्या एक्सलवर गाडी सपाटीला छान पळते, पण चढावर दमते. एकाच मॉडेलमध्ये कधी कधी दोन गुणोत्तरे मिळतात. आपल्याला जास्त ओढीचे हवे.

उतारावरचे इंजिन

चढावर गाडी थांबली तर वेळ जातो. उतारावर ब्रेक सुटला तर जीव जातो. म्हणून या मुद्द्यावर थोडे जास्त लिहितो.

मघाच्याच घाटात तीच भरलेली गाडी ताशी २० किलोमीटरने खाली येत असेल, तर तिला आवरण्यासाठी सतत सुमारे २८ किलोवॅट इतकी शक्ती जिरवावी लागते. घरातला पाण्याचा गिझर दोन किलोवॅटचा धरा. म्हणजे एकाच वेळी चौदा गिझर चालू ठेवल्याइतकी उष्णता! ती सगळी ब्रेकच्या लायनरवर टाकली, तर घाट संपेपर्यंत ड्रम तापतो, लायनर जळल्याचा वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

ही उष्णता वाटून घ्यायला इंजिन मदत करते. पण डिझेल इंजिनाची एक मर्यादा आहे. पेट्रोल इंजिनात पाय सोडला की हवेचा मार्ग आवळला जातो आणि गाडी आपोआप आवरते. डिझेल इंजिनात हवा मोकळी आत येते, कमी-जास्त होते ते फक्त डिझेल. त्यामुळे नुसत्या गिअरवर गाडी आवरण्याची त्याची ताकद कमी असते. यावर उपाय म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. सायलेन्सरच्या नळीत एक झडप असते. चालकाने बटण दाबले की ती बंद होते, धूर आत कोंडतो, आणि इंजिन गाडीला ओढण्याऐवजी रोखू लागते. घाटात काम करणाऱ्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असलाच पाहिजे. तो नसेल, तर बाकी कितीही सोयी असल्या तरी ती गाडी आपल्यासाठी नाही.

सोबत एक जुना गैरसमजही दूर करू. डिझेल वाचवायला काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की डिझेलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच, वर धोका. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण स्टिअरिंगची मदत जाते आणि ब्रेकची हवा किंवा व्हॅक्यूमही भरत नाही. जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

चार सिलिंडर की सहा?

आपल्या भागात इंजिनाचे वेड जुने आहे. साताऱ्याजवळ सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने बनू लागली होती. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. त्या काळात ट्रक म्हणजे मोठा ट्रकच. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने लहान ट्रक आले, आणि १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. तेव्हापासून चार सिलिंडरची लहान गाडी खेड्यापाड्यांत पोचली.

टाटांच्या दोन जुन्या इंजिनांच्या नावांतच या प्रश्नाचे उत्तर अर्धे दडलेले आहे. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि बोअर तितकाच. पहिल्याची क्षमता सुमारे तीन लिटर, दुसऱ्याची सुमारे पावणेसहा, कारण त्याच्या पिस्टनची धावही लांब आहे. सहा सिलिंडरचे इंजिन मवाळ चालते, जड ओझे आरामात ओढते आणि लांब पल्ल्यावर दीर्घकाळ टिकते. दहा-बारा टन माल घेऊन रोज शेकडो किलोमीटर जाणाऱ्याला तेच योग्य.

पण आपला माल साडेतीन टन. सहा सिलिंडरचा मोठा ट्रक रिकामाच पाच-सहा टनांचा असतो. तीन टन तांदूळ पोचवण्यासाठी सहा टन लोखंड घाटावरून वर-खाली न्यायचे, आणि शेवटच्या मोरीपाशी गाडी बसत नाही म्हणून पोती डोक्यावरून न्यायची, हे परवडणारे नाही. इंजिनकामाची वेळ आली, तरी पिस्टन, लायनर, नोझल सहा-सहा घ्यावे लागतात.

बीएस-६ : काळजी घेतली तर भीती नाही

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. डिझेलमधले गंधकही बीएस-४ च्या ५० भागांवरून दशलक्ष भागांत १० भागांवर आले आहे. धूर जवळजवळ दिसत नाही, आणि वाडीतल्या लेकरांच्या छातीसाठी हे चांगलेच आहे. पण या इंजिनांना तीन पथ्ये आहेत.

पहिले, काजळीची जाळी. सायलेन्सरमधली ही जाळी काजळी अडवते आणि ठराविक काळाने खूप गरम होऊन ती जाळून टाकते. लांब पल्ल्याच्या गाडीत हे चालता चालता होते. दोन किलोमीटर जा, थांबा, माल उतरवा, असे काम असेल तर जाळी पुरेशी तापत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी उभी करून जाळी साफ होऊ द्यावी. त्या वेळी सायलेन्सर अतिशय तापतो, म्हणून गाडी वाळक्या गवतावर किंवा पेंढ्याजवळ कधीही उभी करू नये.

दुसरे, युरियाचे द्रावण. अनेक बीएस-६ ट्रकमध्ये वेगळी निळ्या झाकणाची टाकी असते. तिच्यातल्या द्रावणात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते. शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतण्याचा मोह खेड्यात होऊ शकतो. तसे केल्यास महागडी यंत्रणा कायमची खराब होते. द्रावण संपले तर इंजिन आपला जोर कमी करून घेते, म्हणून घाट उतरण्यापूर्वी टाकी पाहावी आणि एक सीलबंद कॅन गाडीत ठेवावा.

तिसरे, डिझेलची शुद्धता. नव्या इंजिनात डिझेल १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. पिंपातले, रॉकेल मिसळलेले किंवा पाणी शिरलेले डिझेल त्याला चालत नाही. पावसाळ्यात फिल्टरखालचे पाणी नियमाने काढावे. ऑइलही पुस्तिकेत लिहिलेलेच, कमी राखेचे वापरावे.

मिस्त्री किती लांब आहे?

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, की आपले शहर इंजिनाच्या सुट्या भागांचे माहेर आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, पिस्टन इथे बनतात. जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन असेल, तर उद्यमनगरातला मिस्त्री आवाज ऐकून दोष सांगतो. म्हणूनच काही जण म्हणतात, जुनीच गाडी घ्या, दुरुस्ती सोपी. त्यात तथ्य आहे. पण जुन्या गाडीचे दुसरे ओझे असते : आठ वर्षे झाली की फिटनेससाठी दरवर्षी जावे लागते, आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये असण्याची शक्यता वाढते.

नव्या इंजिनाचा दोष संगणक लावून शोधावा लागतो. त्यामुळे कंपनी कोणती, यापेक्षा तिचे अधिकृत वर्कशॉप घाटावर आणि घाटाखाली कुठे आहे, बिघाड झाल्यास किती तासांत माणूस पोचतो आणि सुटे भाग हाताशी असतात का, हे आधी पाहावे. त्याच रस्त्यावर माल नेणाऱ्या दोन-तीन गाडीवाल्यांना विचारले, तर शोरूमपेक्षा खरे उत्तर मिळते.

फुकटची गाडी खरोखर फुकट असते का?

समजा गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालते. एका इंजिनाचे अ‍ॅव्हरेज लिटरला ७ किलोमीटर, दुसऱ्याचे ६. फरक फक्त एका किलोमीटरचा. पण वर्षाला सुमारे ४७५ लिटर डिझेल जास्त लागते. लिटरला ९० रुपये धरले, तर जवळजवळ ४३ हजार रुपये. मोठ्या ट्रकचे अ‍ॅव्हरेज याहूनही कमी असते, आणि टायर, विमा, चालकाचा पगार यांचा खर्च त्यावर वेगळा. गाडी विकत घेणे हा एक दिवसाचा खर्च आहे, ती चालवणे हा दहा वर्षांचा.

गाडी पाहायला जाताना विचारायचे प्रश्न

१. एकूण वजन किती आणि हौद्यासह गाडी केवढ्याची? प्रत्यक्ष माल किती बसेल?
२. पूर्ण टॉर्क कितव्या फेऱ्यांपासून कितव्या फेऱ्यांपर्यंत मिळतो?
३. एक्झॉस्ट ब्रेक आहे का? तो चालवून दाखवा.
४. एक्सलचे जास्त ओढीचे गुणोत्तर मिळते का?
५. काजळीची जाळी उभ्या गाडीत साफ करण्याची सोय आहे का? युरियाची टाकी आहे का?
६. जवळचे वर्कशॉप घाटाच्या दोन्ही बाजूंना कुठे आहे?
७. चाचणी भरलेल्या गाडीची मिळेल का? रिकामी गाडी कोणतीही चांगलीच चालते.

आता आपला निर्णय

वरील सर्व विचार करता, साडेसात टन पासिंगची, चार सिलिंडरची, १०० हॉर्सपॉवरच्या आसपासची, कमी फेऱ्यांत ओढणारी आणि एक्झॉस्ट ब्रेक असलेली गाडी आपल्या कामाला योग्य आहे, असे मी व्यवस्थापक मंडळापुढे मांडणार आहे. अंतिम निर्णय मंडळाचा.

ज्या बंधूंनी आपला मोठा ट्रक देऊ केला, त्यांचे मन त्या ट्रकपेक्षाही मोठे आहे. त्यांना मी स्वतः भेटून हाच हिशेब सांगितला आणि विनंती केली, की तो ट्रक ऊस किंवा वाळूच्या वाहतुकीत ज्याला खरोखर उपयोगी पडेल त्याला विकावा आणि त्यातून जमेल तेवढा भाग या गाडीसाठी द्यावा. त्यांनी ते आनंदाने मान्य केले. दान नाकारले गेले नाही, त्याला योग्य जागा मिळाली.

आपणही या गाडीत सहभागी व्हावे. एकरकमी देणगी शक्य नसेल, तर वर्षभराच्या एका सर्व्हिसिंगचा, एका टायरचा किंवा एका खेपेच्या डिझेलचा भार उचलता येईल. गाडी घेण्यासाठी देणारे पुष्कळ भेटतात, ती चालती ठेवण्यासाठी देणारे थोडे. आणि आपल्यापैकी कोणी या क्षेत्रातले असतील, मिस्त्री, फौंड्रीतले कारागीर किंवा घाट मुरलेले चालक, तर चाचणीच्या दिवशी आमच्याबरोबर या. गाडीत तीन टन पोती भरून आपण गगनबावड्याला जाऊ आणि करूळ घाट उतरून पुन्हा चढून येऊ. कोणते इंजिन घ्यायचे, ते तिथे आपल्या सर्वांना कळेल.